तहान मारू नका, माऊली

(शताब्दी वर्षाच्या वारीला निघण्यापूर्वी गावच्या मंदिरात दिंडीच्या औषध-सेवेकऱ्यांनी सर्व वारकऱ्यांपुढे केलेले बोलणे. बोलण्याचा बाज तसाच ठेवून येथे दिले आहे.)





आम्ही म्हणजे दिंडीची औषधाची पेटी सांभाळणारे. आमच्यात कुणी कंपाउंडर होते, कुणी सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या, आणि दोघे असे आहेत की त्यांच्या स्वतःच्या पोटाला पिशवी आहे. त्यामुळे आज जे सांगणार आहोत ते एकट्याचं नाही. काही भोगून कळलं, काही डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून घेतलं.

दरवर्षी या बैठकीत आम्ही पायांचे फोड, ताप, जुलाब आणि बीपी-साखरेच्या गोळ्या यांवर बोलतो. यंदा एकच विषय घेतला आहे. पोटावर पिशवी असलेल्या माणसानं पाणी कसं प्यावं, आणि त्याला ते पिता यावं म्हणून आपण बाकीच्यांनी काय करावं. कुणी म्हणेल, शंभर वर्षांच्या सोहळ्यात हा कुठला विषय काढला? माऊली, गेल्या वर्षी आपल्या दिंडीत अशी चार माणसं चालली. गावात घरी बसून राहिलेली आणखी आहेत. ती आम्हाला एकटं गाठतात, इकडेतिकडे बघतात आणि हळूच विचारतात. मोठ्यानं कुणी विचारत नाही. म्हणून आम्हीच मोठ्यानं बोलायचं ठरवलं.

आधी पिशवी म्हणजे काय ते समजून घेऊ. आपलं लहान आतडं सहा मीटरच्या आसपास लांब असतं, त्यापुढे दीडेक मीटरचं मोठं आतडं. कधी मोठ्या आतड्याला जखमांचा जुनाट आजार होतो, कधी कॅन्सर होतो, कधी टायफॉइडनं किंवा टीबीनं आतड्याला भोक पडतं, कधी आतड्याचा रक्तपुरवठा तुटून ते काळं पडतं. मग सर्जन लहान आतड्याचं टोक पोटावर, बहुतेक वेळा उजव्या बाजूला, बाहेर काढून शिवतात. याला म्हणतात इलिओस्टॉमी. ते तोंड लालबुंद, ओलसर दिसतं. त्याला शौच धरून ठेवणारा स्नायू नसतो, म्हणून शौच केव्हाही येतं आणि ते झेलायला पोटाला पिशवी चिकटवावी लागते. काहींची पिशवी तात्पुरती असते. खालचा जोड भरून आला की काही महिन्यांनी आतडं परत आत जोडतात. काहींची जन्माची असते. मोठ्या आतड्याचं तोंड बाहेर काढलं तर ती कोलोस्टॉमी. तिच्यात शौच बरंच घट्ट येतं आणि पाण्याचा प्रश्न एवढा कठीण नसतो. आज बोलतोय ते लहान आतड्याच्या पिशवीबद्दल.

हा लागट रोग नाही. शेजारी झोपल्यानं, एका पंगतीत बसल्यानं कुणाला काही होत नाही. पिशवी नीट बसलेली असेल तर वासही येत नाही. आणि विटाळाचं म्हणाल, तर जे त्यांच्या पिशवीत आहे तेच आपणा सगळ्यांच्या पोटात आहे. त्यांचं पोटाबाहेर आहे, आपलं आत, एवढाच फरक.

आता पाण्याचा हिशेब बघू. लहान आतडं रोज साधारण एक ते दीड लिटर पातळ माल मोठ्या आतड्याच्या हवाली करतं. मोठं आतडं त्यातलं जवळजवळ सगळं पाणी आणि मीठ शोषून शरीराला परत देतं. शौचावाटे बाहेर जातं ते जेमतेम शंभर-दोनशे मिली पाणी. इलिओस्टॉमीत हे शोषणारं आतडंच वाटेतून बाजूला पडतं. ऑपरेशननंतर पहिले काही आठवडे दिवसाला लिटर-दीड लिटर, कधी जास्तही, पिशवीत येतं. पुढे लहान आतडं थोडं शिकतं आणि ते पाचशे ते आठशे मिलीवर स्थिरावतं. म्हणजे सगळं ठीक चाललेलं असतानासुद्धा या माणसाचं रोज अर्धा-पाऊण लिटर पाणी पिशवीवाटे जातं. घाम आणि लघवी वेगळीच.

इथवर बहुतेकांना कळतं. चुकतं ते पुढे. नुसतं पाणी जात नाही, त्याच्याबरोबर मीठ जातं. पिशवीतल्या एका लिटरबरोबर साधारण सहा ग्रॅम मीठ निघून जातं, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. धडधाकट माणसानं दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेवढ्याहून जास्त मीठ इथं एका लिटरमागे बाहेर पडतं. म्हणून टीव्हीवर ऐकलेलं “मीठ कमी खा” हे पिशवीवाल्या माणसाला जसंच्या तसं लागू होत नाही.

मग तहान लागली की माणूस काय करतो? तांब्या उचलतो आणि घटाघटा साधं पाणी पितो. त्याला वाटतं, जेवढं गेलं तेवढं भरलं. पण आतड्यात नुसतं पाणी उतरलं की आतड्याची भिंत उलट रक्तातलं मीठ त्या पाण्यात सोडते, आणि मिठाच्या पाठोपाठ पाणीही बाहेर येतं. ज्याची पिशवी आधीच फार वाहते आहे, त्यानं साधं पाणी जितकं जास्त प्यावं तितकी पिशवी जास्त भरते. तहान भागत नाही, तोंड कोरडंच राहतं, आणि माणूस आणखी पाणी पितो. लोक म्हणतात, “एवढं पाणी पितो तरी अशक्तपणा का?” याचं कारण हेच.

यावरचा उपाय आपल्या स्वयंपाकघरातल्या दोन डब्यांत आहे, मिठाच्या आणि साखरेच्या. लहान आतड्याच्या भिंतीत एक दार असं आहे की त्यातून मीठ आणि ग्लुकोज जोडीनंच आत जातात. ही जोडी आत गेली की पाणी तिच्या मागोमाग जातं. आपल्या साखरेतही ग्लुकोज असतंच. म्हणून मीठ, साखर आणि पाणी योग्य मापात एकत्र दिलं तर ते आतड्यातून शरीरात जातं. नुसतं मीठ पुरत नाही, नुसती साखरही पुरत नाही.

हे आतड्याचं गुपित 1960 च्या दशकात शास्त्रज्ञांना नीट उमगलं. आणि त्याची खरी परीक्षा झाली 1971 मध्ये. बांगलादेशच्या युद्धातले निर्वासित पश्चिम बंगालच्या सीमेवर बनगावला येऊन दाटले होते, छावणीत पटकी पसरली होती आणि सलाइनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. तिथं डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपं भरली आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. शंभरात तीसच्या आसपास माणसं दगावत होती, तिथं हा आकडा चारच्याही खाली आला. डॉक्टरांना 2023 मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. आज आशाताईंच्या पिशवीत ओआरएसची जी पुडी असते ती या कामातूनच पुढे आली. ती लहान मुलांच्या जुलाबासाठी म्हणून आपल्याला माहीत आहे. पिशवीवाल्या मोठ्या माणसालाही तीच तारते.

आता माप. हे लिहून घ्या, किंवा नातवंडांना लिहून घ्यायला सांगा. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्याची असते. छोटी पुडी दोनशे मिलीची, म्हणजे एका पेल्याची. पुडीवर जे लिहिलंय तेवढ्याच पाण्यात ती कालवायची. अर्धी आज, अर्धी उद्या करायची नाही. कालवलेलं पाणी झाकून ठेवायचं, चोवीस तासांत संपवायचं, उरलं तर ओतून द्यायचं. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, आणि चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे सपाट. वर शीग नको, चिमूट-मूठ नको. चव डोळ्यांतल्या पाण्याइतपत खारट लागली पाहिजे. त्याहून खारट लागलं तर ते ओतून द्या आणि नवीन करा. जास्त मीठही घातकच.

काहींची पिशवी फार वाहते. त्यांना डॉक्टर याहून जास्त मिठाचं द्रावण सांगतात आणि साधं पाणी मोजून द्यायला लावतात. ते माप डॉक्टरांकडूनच घ्यावं, शेजाऱ्याकडून नव्हे. आणि ज्यांना हृदयाचा, मूत्रपिंडाचा किंवा मधुमेहाचा आजार आहे, त्यांनी मीठ-साखर-पाणी रोज किती घ्यावं हे वारीला निघण्याआधी विचारून यावं. अजून आठ दिवस हातात आहेत.

दुकानात रंगीत डब्यांतून गोड पेयं मिळतात आणि त्यांची नावं ओआरएससारखी वाटतात. त्यात साखर भरमसाट आणि मीठ नाममात्र असतं. खूप गोड पेय आतड्यात पाणी ओढून घेतं आणि पिशवी धो धो वाहते. उसाचा रस, कोल्ड्रिंक, पाकिटातला फळांचा रस, चार-चार कप गोड चहा, या सगळ्यांचं तेच. शहाळ्याचं पाणी चांगलं, पण त्यात मीठ फार थोडं, म्हणून ते ओआरएसच्या जागी चालत नाही. आपल्याकडचं काय चालतं? तांदळाची मीठ घातलेली पेज चालते. पचत असेल तर खारट ताक चालतं. पातळ वरण, सार, खारं बिस्कीट, पापड चालतो. केळं, मऊ भात, उकडलेला बटाटा, पोहे यांनी पिशवीतला माल जरा घट्ट होतो.

पाणी किती? साध्या दिवशी सगळं मिळून दोन ते अडीच लिटर धरा. चालायच्या दिवशी, उन्हात, त्याहून जास्त लागतं. पण पेल्यावर पेला रिचवायचा नाही. घोट घोट, दिवसभर. जेवणाबरोबर तांब्याभर पाणी प्यायलं तर अन्न धुऊन निघाल्यासारखं लवकर पिशवीत येतं, म्हणून जेवताना दोन-चार घोट आणि बाकीचं पाणी अर्ध्या तासाच्या अंतरानं.

आता हे वाटेवर कसं बसवायचं? आमच्यातले पिशवीवाले दोघे काय करतात ते सांगतो. काकड्याला उठलं की पिशवी रिकामी, आणि पहिला पेला मीठ-साखर-पाण्याचा. चहा त्याच्यानंतर. निघताना झोळीत दोन बाटल्या. लाल दोरा बांधलेली खारट पाण्याची, दोऱ्याशिवायची साध्या पाण्याची. दर अभंगाला नाही तरी दर दोन अभंगांना लाल दोऱ्याच्या बाटलीतून दोन घोट. विसाव्याला ट्रकपाशी बाटली भरून घ्यायची. डॉक्टरांनी पिशवी आवरायची गोळी दिली असेल तर ती जेवणाआधी अर्धा तास. पिशवी एक तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करायची, जड होऊन ओघळायची वाट बघायची नाही. घामानं आणि पावसानं पोटावरची चकती लवकर सुटते. घरी जी तीन-चार दिवस टिकते ती वाटेवर निम्मीच टिकेल असं धरून जास्तीच्या चकत्या आणि पिशव्या घ्यायच्या, त्याही दोन ठिकाणी, थोड्या झोळीत आणि थोड्या ट्रकमध्ये. पाणी टँकरचं असेल तर मेडिक्लोर टाकलेलं किंवा उकळलेलंच. तुम्हा-आम्हाला जुलाब झाले तर दोन दिवस अंथरूण धरावं लागतं. या माणसाला जुलाब झाले तर काही तासांत सलाइन लागतं.

आपण ज्ञानेश्वर माऊलींच्या सोहळ्यात चालतो. पुण्याहून सासवड हा वाटेतला सगळ्यांत लांब टप्पा, मध्ये दिवे घाटाची चढण, आणि बहुतेक वर्षी त्याच दिवशी ज्येष्ठ वद्य एकादशी येते. म्हणजे चाल सगळ्यांत जास्त, घाम सगळ्यांत जास्त आणि पोटात सगळ्यांत कमी. पिशवीवाल्या माणसाला वर्षातला सगळ्यांत धोक्याचा दिवस हाच. त्या दिवशी काही म्हातारी माणसं म्हणतात, “आज पाणीसुद्धा नको, माऊली, दर्शनाला जातोय.” हा प्रश्न आम्ही आपल्या महाराज मंडळींपुढे ठेवला होता. त्यांनी एकमुखानं सांगितलं की ओआरएस हे औषध आहे, औषधानं उपवास मोडत नाही, आणि ज्याला पाणी सोडल्यानं जिवाला धोका आहे त्यानं पाणी सोडणं ही भक्ती नव्हे. ज्याला सैंधवच हवं त्यानं घरच्या मापात सैंधव घालावं, पण घालावं. आणि उपवासाला आपल्याकडे जो साबुदाणा आहे तो या माणसाला सोयीचाच, त्यानं पिशवीतला माल घट्ट होतो. फक्त खिचडीत दाण्याचा बारीक कूट घाला, अख्खे शेंगदाणे नकोत.

अख्खे शेंगदाणे, ओलं खोबरं, मक्याचं कणीस, फळांच्या साली, कच्च्या भाज्या हे नीट चावलं नाही तर त्या अरुंद तोंडाशी अडकतं. वाटेवर कुणी प्रेमानं भाजलेलं कणीस हातात दिलं तर घ्यावं, कपाळाला लावावं आणि शेजारच्या पोराला द्यावं.

आता जे सांगतोय ते त्या मावशींच्या परवानगीनं सांगतोय. नाव घेणार नाही. तीन वर्षांपूर्वी फलटण सोडल्यावर बरडच्या वाटेवर त्यांच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळी आरतीला उठून उभ्या राहिल्या आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन कोसळल्या. दवाखान्यात दोन दिवस सलाइन लावावं लागलं. रक्ताच्या तपासणीत मूत्रपिंडाचा आकडा वाढलेला होता, तो उतरायला आठवडा लागला. आम्ही विचारलं, “मावशी, पाणी पीत नव्हता का?” त्या म्हणाल्या, “राहुटीत वीस बायका शेजारी शेजारी झोपतात. रात्री उठून पिशवी रिकामी करायची तर कुठं जाऊ? सकाळी संडासाला ही मोठी रांग. पिशवीच भरू नये म्हणून दोन दिवस अर्धी भाकरी आणि एक चहा, एवढ्यावरच राहिले.”

मावशींना पाण्याचं माप माहीत होतं. दवाखान्यातल्या परिचारिकेनं त्यांना ते नीट शिकवलं होतं. पुडीही झोळीत होती. जागा मात्र नव्हती. जागा मागायची लाज होती, आणि त्या लाजेपायी त्यांनी तहान मारली. पिशवी लावून घरी परतलेली कितीतरी माणसं हेच करतात. लग्नाला जायचंय, एसटीत बसायचंय, म्हणून आदल्या रात्रीपासून खाणं-पिणं तोडतात. पिशवी काही रिकामी राहत नाही. आतडं स्वतःचे रस सोडतच असतं, त्यामुळे उपाशी माणसाच्या पिशवीतही पाणी येतं. शरीर मात्र आतून सुकत जातं. असं वारंवार झालं की मूत्रपिंडं कायमची कमकुवत होतात, मुतखडे होतात. ऑपरेशननंतर पिशवीवाली माणसं पुन्हा दवाखान्यात भरती होतात, त्याचं एक मोठं कारण हे सुकणंच आहे.

म्हणून ओळखायच्या खुणा सगळ्यांनी पाठ करा, कारण सुकलेला माणूस स्वतः सांगत नाही. लघवीकडे बघा. ती फिकट पिवळी आणि दिवसाला निदान लिटरभर हवी. घरी एक दिवस जुन्या बाटलीत मोजून बघितली की अंदाज येतो. लघवी गडद आणि थोडी होऊ लागली, जीभ कोरडी पडली, उभं राहताना गरगरलं, पोटऱ्यांत गोळे आले, डोकं दुखू लागलं, माणूस गप्प गप्प झाला, की समजायचं पाणी आणि मीठ दोन्ही कमी पडलंय. तिथंच सावलीत बसवा, खारट पाणी घोट घोट पाजा आणि आम्हाला हाक मारा. सहा तासांत लघवीच झाली नाही, उलट्या होऊ लागल्या, माणूस बरळू लागला, किंवा पिशवीत दिवसाला दीड लिटरहून जास्त येऊ लागलं, तर 108 ला फोन करून दवाखाना गाठायचा. आणि याच्या उलट, पिशवीत काहीच येत नाही, पोटात कळा येतात, पोट फुगतं, ओकारी येते, तर आतडं अडलंय. अशा वेळी काही खायला-प्यायला न देता थेट दवाखान्यात न्यायचं. जुलाबाची गोळी किंवा एरंडेल तर या माणसाला कधीच द्यायचं नाही.

गोळ्यांबद्दल एक महत्त्वाचं. पाय दुखले की आपण एकमेकांना वेदनाशामक गोळ्या देतो. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्या सुकलेल्या शरीरात मूत्रपिंडाला फार बाधतात. पिशवीवाल्या माणसाला अशी गोळी खिशातून काढून देऊ नका. बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवतात. पिशवी जास्त वाहत असेल तर त्या चालू ठेवायच्या की थांबवायच्या हे डॉक्टरांनाच विचारा. आणि एखादी गोळी पिशवीत अख्खीच्या अख्खी दिसली तर तीही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घाला. ती पचलीच नाही असा त्याचा अर्थ होऊ शकतो.

नुकतंच ऑपरेशन झालेल्यांना हात जोडून सांगतो, पहिले दोन-तीन महिने पायी वारीचा हट्ट नको. आतडं अजून शिकत असतं. सर्जन हो म्हणाले तरच या. नाही म्हणाले तर पंढरपूरला गाडीनं या. पांडुरंग पाऊलं मोजत नाही.

मावशींच्या त्या प्रसंगानंतर दिंडीनं काही गोष्टी सुरू केल्या. यंदा त्या नियम म्हणून लिहून ठेवायच्या, अशी सर्वांना विनंती आहे. बायकांच्या आणि पुरुषांच्या दोन्ही राहुट्यांत एक कोपरा पडदा लावलेला असेल. तिथं बादली, तांब्या, साबण, कागद आणि झाकणाचा डबा असेल, आणि तिथं कोण जातं हे कुणी बघायचं नाही. स्वयंपाकाच्या ट्रकपाशी लाल कापड बांधलेली एक कळशी रोज सकाळी ताज्या मीठ-साखर-पाण्यानं भरलेली असेल. तिचं माप पेटीवाल्यांपैकी एकजण करेल, दुसरा तपासेल. जो त्यातून पेला घेईल त्याला “तुम्हाला काय झालंय?” असं विचारायचं नाही. उन्हात चालणाऱ्या कुणालाही दोन घोट घेता येतील, म्हणजे कोण आजारी आणि कोण नाही हे कळणारच नाही. चालताना कुणी ट्रकमध्ये बसायचं म्हणाला तर कारण न विचारता बसवून घ्यायचं. पिशवीवाल्या प्रत्येकाच्या खिशात एक चिठ्ठी असेल. ऑपरेशन कुठलं, गोळ्या कुठल्या, घरचा फोन कुठला. बेशुद्ध माणसाला ती चिठ्ठी वाचवते.

मावशी गेल्या वर्षी आल्या होत्या. लोणंद ते फलटण चालल्या, बाकीची वाट ट्रकमध्ये बसून हरिपाठ म्हणत काढली. पडद्याचा कोपरा त्यांनी रोज वापरला, आणि दुसऱ्या दिवसापासून आणखी दोघी त्या कोपऱ्यात जाऊ लागल्या. त्या दोघींनाही पिशवी आहे हे तोवर आम्हा पेटीवाल्यांनासुद्धा ठाऊक नव्हतं.

जे वारीला येत नाहीत त्यांच्यासाठी दोन शब्द. वैशाखाचं ऊन, सुगीची कामं, लग्नाची गर्दी, तापाची साथ, हे सगळे दिवस पिशवीवाल्या माणसाला दिवे घाटासारखेच. घरात मीठ-साखर-पाण्याची बाटली कायम असू द्या. सुनेनं सासऱ्याला, लेकीनं आईला, “आज लघवी कशी झाली?” हे विचारायला लाजू नये. पिशव्या महाग पडतात म्हणून एकच पिशवी आठ-आठ दिवस ओढू नका, कातडी सोलवटते. मोठ्या रुग्णालयांत पिशवीच्या रुग्णांसाठी वेगळा विभाग असतो, तो स्टोमा क्लिनिक म्हणून विचारावा. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये असा विभाग आहे. तुमचं ऑपरेशन जिथं झालं तिथल्या परिचारिकेला आधी विचारा, ती तुम्हाला वाट दाखवेल.

आपल्या दिंडीत तुळस असते आणि तिच्या बरोबरीनं पाण्याचा हंडा असतो. हंडा डोक्यावर घेऊन चालणारी माऊली कुणाची जात विचारत नाही, रोग विचारत नाही. वाटेत जो ओंजळ पुढे करील त्याला पाणी देते. शंभर वर्षं ही सेवा आपल्या दिंडीत चालत आली. आमचं मागणं एवढंच आहे की यंदापासून त्या हंड्याच्या शेजारी चिमूटभर मिठाची आणि मूठभर साखरेची जाण असू द्या. आणि ज्याला ओंजळ पुढे करायची लाज वाटते, त्याच्याकडे आपणच दोन पावलं चालत जाऊ या.

बैठक संपल्यावर आम्ही इथंच, मंदिराच्या ओसरीवर बसणार आहोत. पुड्या आहेत, मापाचे चमचे आहेत. ज्यांना एकटं बोलायचंय त्यांच्यासाठी मागची खोली उघडी ठेवली आहे.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल! राम कृष्ण हरी.